‘विचारलं का नाही?’ : एका प्रेमपटाच्या पुनर्लेखनाचं प्रकरण

पटकथा 112 पानांची आहे. एका पानाला पडद्यावरचं साधारण एक मिनिट धरलं, तर चित्रपट पावणेदोन तासांच्या थोडा वर जातो. नायिका रेवा, वय 31. ती कृत्रिम हातपाय तयार करून बसवणारी तंत्रज्ञ आहे. आईवडील गेल्यानंतर धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. नायक अनिकेत, वय 36, श्रवणतज्ज्ञ. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर तो लोकांचं ऐकणं तपासतो. त्याचा घटस्फोट झालेला आहे आणि सात वर्षांची मुलगी जुई अर्धा आठवडा त्याच्याकडे, अर्धा आठवडा आईकडे राहते.

ही कथा कुठल्याही एका चित्रपटाची नाही. प्रेमकथांच्या पहिल्या खर्ड्यांत पुन्हा पुन्हा दिसणारी एक अडचण नीट उलगडता यावी म्हणून पात्रं, प्रसंग आणि बदल या अभ्यासासाठी रचले आहेत.

पहिल्या खर्ड्याची गोष्ट अशी. दोघं भेटतात, प्रेमात पडतात. पान 54 वर अनिकेत आंघोळीला गेलेला असताना त्याच्या फोनवर त्याच्या आधीच्या बायकोचा, स्वातीचा मेसेज उजळतो : ‘काल रात्री आलास म्हणून निभावलं. थँक्स.’ रेवा तो वाचते, बॅग भरते आणि निघून जाते. नंबर ब्लॉक करते. दोन वर्षं निघून जातात. अनिकेत तिला शोधत राहतो, तिच्या नव्या कामाच्या ठिकाणी जाऊन उभा राहतो, तिच्या भावाकडून पत्ता काढतो. शेवटी कळतं की त्या रात्री जुईला ताप होता. रेवा रडते, स्टेशनवर धावाधाव होते, मिठी पडते.

अशी पटकथा चार जणांसमोर मोठ्यानं वाचली, की पान 54 नंतर खोलीतली हवा बदलते. ऐकणारे खुर्चीत मागे रेलतात. वाचन संपल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : तिनं विचारलं का नाही? लेखकाकडे उत्तरं तयार असतात. ती दुखावली होती, ती मानी आहे, तिला आधीही कुणी फसवलंय. ही उत्तरं खोटी नसतात. पण एका प्रश्नानं जी गाठ सुटते, तिच्यावर 58 पानं तोलून धरता येत नाहीत. प्रेक्षक रेवाच्या दुःखात शिरण्याऐवजी तिच्या निर्णयावर चिडत बसतो. आणि नायिकेवर चिडलेला प्रेक्षक शेवटच्या मिठीला पोचेपर्यंत मनानं घरी गेलेला असतो.

गैरसमजाचं बळ कुठे गेलं

गैरसमजावर चालणाऱ्या प्रेमकथेला पूर्वी परिस्थितीची साथ होती. पत्र पोचत नसे, निरोप सांगणारा माणूस चुकत असे, दुसऱ्या गावी गेलेल्याची महिनोन्महिने खबर नसे. आता ती साथ उरलेली नाही. 2014 साली व्हॉट्सॲपनं मेसेज वाचल्याचं दाखवणाऱ्या निळ्या खुणा आणल्या आणि ‘निरोप मिळालाच नाही’ हे कारणही बरंचसं संपलं. आजचं मौन अपघातानं घडत नाही. ते कुणीतरी निवडलेलं असतं, आणि निवडलेलं मौन हे पात्राचं वागणं असतं. त्याचा जाब प्रेक्षक मागणारच.

इथे पुष्कळ लेखक फोनच काढून टाकतात. बॅटरी संपते, रेंज जाते, फोन पाण्यात पडतो, नाहीतर कथा मागच्या काळात ढकलली जाते. मला ही पळवाट वाटते. फोनमुळे फक्त माहितीचे अडथळे गेले. दोन माणसांमधले खरे अडथळे माहितीचे नव्हतेच.

कालिदासानं हे फार आधी ओळखलं होतं, असं मला मनापासून वाटतं. महाभारताच्या आदिपर्वातल्या दुष्यंताला शकुंतला आठवत असते. तो लोकांच्या शंकेला भिऊन तिला भर सभेत ओळख नाकारतो. कालिदासानं ‘अभिज्ञानशाकुंतला’त दुर्वासांचा शाप आणि अंगठी आणली आणि राजाला खरोखर विसरायला लावलं. दोष माणसावरून शापावर गेला. पण त्यानं एक गोष्ट जपली : प्रेक्षकाला शाप माहीत असतो. शकुंतलेला तो ऐकू आलेला नसतो, सख्या तो तिच्यापासून लपवतात, राजाला तर काहीच ठाऊक नसतं. आपल्याला मात्र सगळं ठाऊक असतं. म्हणून पाचव्या अंकात ‘आता काय कळणार?’ अशी उत्सुकता नसते, डोळ्यांसमोर अटळ काहीतरी घडत असल्याची वेदना असते. आमच्या पहिल्या खर्ड्यात नेमकं उलटं होतं. तापाची गोष्ट प्रेक्षकापासूनही लपवलेली होती. त्यामुळे मधली सगळी पानं केवळ उशिरा उघडणाऱ्या एका तपशिलाची वाट बघत होती.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त विप्रलंभाची, म्हणजे विरहाच्या शृंगाराची, पाच कारणं दिली आहेत : अभिलाष (म्हणजे मीलनाआधीची ओढ), विरह, ईर्ष्या, प्रवास आणि शाप. आजच्या लेखकानं ही यादी भिंतीवर लावून ठेवावी. शाप गेला, प्रवासाची धार कमी झाली, ईर्ष्या अजून चालते पण लवकर थकते. उरतो तो विरह, म्हणजे जवळ असूनही एकत्र न येता येणं. आजच्या प्रेमकथेचं सगळं बळ या एका कारणात साठलेलं आहे.

अडथळा आधीच लिहिलेला होता

पुनर्लेखन सुरू झालं की लेखकाला नवा अडथळा शोधायची घाई होते. कुणी आजार आणतं, कुणी अपघात, कुणी घरच्यांचा विरोध. त्याआधी स्वतःचीच पहिली 30 पानं पुन्हा वाचावीत. आमच्या खर्ड्यात पान 12 वर रेवा ओझरतं सांगते की 22व्या वर्षी तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कार्यशाळेत प्रशिक्षणाची जागा मिळाली होती आणि भावासाठी तिनं ती सोडली. पान 19 वर अनिकेत सांगतो की जुईच्या ताब्याच्या व्यवस्थेमुळे तो हे शहर सोडू शकत नाही. ही दोन वाक्यं खर्ड्यात एकमेकांपासून सात पानं लांब पडून होती आणि पुढे त्यांचा कुणी उपयोगच केला नव्हता.

ती शेजारी ठेवली, की चित्रपट दिसायला लागतो. भाऊ आता 18 वर्षांचा होऊन बाहेर पडतोय. तीच कार्यशाळा रेवाला पुन्हा बोलावते, दोन वर्षांसाठी. तिला आयुष्यात पहिल्यांदा मोकळं जाता येणार आहे, आणि नेमकं आत्ता तिचं अशा माणसावर प्रेम बसलंय जो हलू शकत नाही, तेही एका मुलासाठी. एका मुलासाठी थांबणं म्हणजे काय, हे रेवाइतकं कुणालाच माहीत नाही. म्हणूनच ती त्याला ‘चल’ म्हणू शकत नाही, आणि म्हणूनच दुसऱ्यांदा स्वतः थांबूही शकत नाही. दोघांनाही सगळं ठाऊक आहे. दोघांचंही बरोबर आहे. इथे खलनायक नाही आणि गुपितही नाही. दोघांनी शंभर वेळा एकमेकांना विचारलं, तरी ही गाठ सुटत नाही.

या प्रकरणातून मी एकच गोष्ट ठामपणे सांगेन : आजच्या प्रेमकथेतला अडथळा असा हवा की तो दोघांना पूर्ण ठाऊक असूनही जागचा हलत नाही. प्रेक्षकाला पात्रांइतकंच माहीत असावं आणि तरी निकाल देता येऊ नये.

तोच मेसेज, दुसरा प्रसंग

नव्या खर्ड्यात मेसेजचा प्रसंग काढून टाकायचा मोह होतो. तो ठेवावा, असं माझं मत आहे, कारण सगळा फरक त्याच जागी दाखवता येतो. नव्या आवृत्तीत रेवाला तापाचं आदल्या रात्रीच ठाऊक आहे. अनिकेत तिच्यासमोरून उठून गेला होता. सकाळी ती त्याला कार्यशाळेचं पत्र दाखवायला आलीय. प्रेक्षकानं ते पत्र आधी पाहिलेलं आहे. अनिकेत आंघोळीला गेलाय. फोन उजळतो.

रेवा : (दाराबाहेरून) स्वातीचा मेसेज आहे. जुईचा ताप उतरलाय.
अनिकेत : (आतून) हुश्श! रात्रभर डोळा नाही लागला.
रेवा : काल रात्री आलास म्हणून निभावलं, म्हणतेय.
अनिकेत : तू काहीतरी सांगणार होतीस ना?
रेवा : संध्याकाळी. आधी तिच्याकडे जाऊन ये.

एवढंच. मेसेजचे शब्द तेच आहेत. पहिल्या खर्ड्यात रेवाला त्यांचा अर्थ चुकीचा लागला म्हणून ती मोडली. इथे तिला अर्थ अगदी बरोबर लागतो आणि तोच तिला टोचतो. रागवायला जागाच नाही. ज्या गुणामुळे तिचं त्याच्यावर प्रेम बसलं, तोच गुण तिच्या वाटेत उभा आहे. नटीला करण्यासारखं इथे पुष्कळ आहे, कारण ओठांवरचं वाक्य एक आहे आणि मनातलं दुसरं.

एक धोका इथे सांगायलाच हवा. रेवानं पत्राची गोष्ट लपवून ठेवली, तर आपण पुन्हा जुन्या खड्ड्यात पडतो. म्हणून ती त्याच संध्याकाळी सांगते. गुपित एका दिवसापलीकडे नेऊ नये, असा नियम या खर्ड्यासाठी घालून घेतला आणि तो फार उपयोगी पडला. जे दडवता येत नाही ते बोलावं लागतं, आणि बोलायला लागलं की खरं नाट्य सुरू होतं.

सांगितल्यानंतर

अनिकेत काय उत्तर देतो, यावर खर्डा अडकून पडतो. पहिला सुचणारा पर्याय म्हणजे तो हसून ‘जा’ म्हणतो आणि एकटा असताना कोसळतो. हा त्याग दिसायला उमदा आहे, पण आजचा प्रेक्षक त्यावर सहज विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. दुसऱ्याच्या भल्याचा निर्णय आपणच परस्पर घेऊन टाकणं म्हणजे त्या माणसाला लहान समजणं. ‘तुझ्या भल्यासाठी मी दूर गेलो’ हे वाक्य आता ऐकणाऱ्याला प्रेमापेक्षा अहंकाराचं वाटतं.

दुसरा पर्याय लिहायला अवघड आहे, म्हणूनच तो घेतला. अनिकेत मागतो.

अनिकेत : थांबशील?
रेवा : तुला उत्तर माहितीय.
अनिकेत : माहितीय. तरी विचारतोय. न विचारता मोठं मन दाखवायचं नाहीये मला.
रेवा : नाही थांबणार.
अनिकेत : बरं.
रेवा : पण विचारलंस, ते बरं केलंस.

मागण्यात तो स्वार्थी होतो, नाकारण्यात ती कठोर होते. दोघांनाही किंमत मोजावी लागते आणि दोघंही एकमेकांना मोठ्या माणसासारखं वागवतात. या सहा ओळींत पहिल्या खर्ड्यातल्या दोन वर्षांच्या विरहापेक्षा जास्त ताण आहे, असं मला वाटतं.

यानंतर हुशार प्रेक्षक मनातल्या मनात पर्याय सुचवायला लागतो. शनिवार-रविवार जाऊन येऊन केलं तर? मुलीला घेऊन तो गेला तर? तिनं वर्षभर पुढे ढकललं तर? लेखकानं हे सगळे पर्याय कागदावर उतरवून काढावेत आणि पात्रांना ते प्रामाणिकपणे करून बघायला लावावेत. नव्या मधल्या भागाचं सगळं साहित्य इथूनच आलं. रेवा पुढे ढकलायची परवानगी मागते. जागा दुसऱ्या कुणाला जाईल, असं उत्तर येतं. अनिकेत स्वातीशी जुईला नेण्याबद्दल बोलतो. मग ती दोघं शनिवार-रविवारचा प्रवास सुरू करतात, आणि तो बराच काळ नीट चालतो. हा भाग सुखाचा लिहायला हवा. हरण्यासाठीच मांडलेला प्रयोग प्रेक्षक लगेच ओळखतो. तो मोडतो तोही भांडणानं नाही, थकव्यानं. एका रविवारी जुईचं शाळेत नाटक असतं. रेवा आलेली असते, पण परतीच्या गाडीसाठी तिला पहिल्या अंकानंतर उठावं लागतं. रंगमंचावरून जुईला ती रिकामी खुर्ची दिसते. त्या रात्री रेवा फोनवर म्हणते, ‘मला कुणाच्याही आयुष्यातून अर्ध्यात उठायचं नाहीये.’

स्वातीचं पात्रही याच टप्प्यावर नव्यानं घडलं. पहिल्या खर्ड्यात ती केवळ संशय पेरण्यापुरती होती. आता तिला एकच मोठा प्रसंग आहे. अनिकेत जुईला नेण्याबद्दल विचारतो तेव्हा ती आरडाओरडा करत नाही. ‘आठवड्यातले चार दिवस मला तिची सवय आहे. तीन दिवस नसते, ते कसे काढते ते तुला नाही सांगितलं कधी.’ बस्स. प्रेक्षकाला तिचंही पटतं, आणि एक मार्ग कायमचा बंद होतो.

पाठलाग काढला, ओढ ठेवली

नकारानंतर अनिकेत तिच्या कामाच्या जागी जाऊन उभा राहायचा, भावाकडून पत्ता काढायचा, ते सगळं गेलं. ब्लॉक केलेल्या माणसानं दारात उभं राहणं आजच्या प्रेक्षकाला, विशेषतः स्त्रियांना, भीतीचं वाटतं, आणि ही भीती अनुभवातून आलेली आहे. याविषयी लेखकानं कुरकुर करू नये. पण पाठलाग काढला की अनिकेत थंड होतो, नुसता समंजस उरतो, ही अडचण मात्र खरी आहे. समंजस नायकावर प्रेम बसायला वेळ लागतो.

त्याचं उत्तर पूर्वार्धात सापडलं. तिथे प्रेमात पडण्यासाठी गाण्यासारखा एक तुकडा होता : पाऊस, गाडी, हसणं. तो काढून एकच कामाचा प्रसंग लिहिला. एक तरुण नव्या कृत्रिम पायावर पहिल्यांदा चालतोय. रेवा त्याच्या बाजूनं ओठांतल्या ओठांत पावलं मोजतेय. दहापर्यंत मोजते आणि थांबते. अनिकेत दारातून ऐकतो. ऐकणं हाच त्याचा व्यवसाय आहे.

अनिकेत : दहालाच का थांबता?
रेवा : पुढे त्यांना माझी गरज नसते.
अनिकेत : आणि अकरावं चुकलं तर?

आधीच्या एका मसुद्यात त्याचं शेवटचं वाक्य होतं, ‘आणि तुमची पावलं कोण मोजतं?’ ते ऐकायला गोड वाटतं, आणि ते काढलं हेच योग्य झालं. त्यात लेखक स्वतःवर खूश आहे. ‘अकरावं चुकलं तर?’ या प्रश्नात अनिकेतचं लक्ष खरोखर तिच्या कामावर आहे, आणि तिच्या आयुष्यात एवढं बारकाईनं कुणी बघितलेलं नाही. अशी नजर दोनतीन प्रसंगांत दिसली, की पाठलागाशिवायही ओढ उभी राहते. दोघं ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येतात तो क्षणही मुद्दाम रंगवलेला नाही, दुसऱ्या भेटीत रेवा पेचकस मागताना सहज ‘दे’ म्हणून जाते.

शेवटाचा वाद

प्रेमपटाच्या शेवटावरून निर्माता आणि लेखक यांच्यात ओढाताण होते, ती आजची नाही. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकाचा पहिला प्रयोग 1879च्या डिसेंबरात कोपनहेगनमध्ये झाला, त्यात नायिका नोरा शेवटी नवरा आणि मुलांना ठेवून घर सोडून जाते. जर्मनीतल्या एका नामवंत अभिनेत्रीनं हा शेवट करायला नकार दिला. दुसऱ्या कुणी बदलण्यापेक्षा आपणच बदलावा म्हणून इब्सेननं 1880 साली पर्यायी शेवट लिहून दिला. त्यात नवरा नोराला झोपलेल्या मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच कोसळते. इब्सेननं या बदलाला रानटी अत्याचार म्हटलं. पुढे टिकला तो मूळ शेवट.

रेवा आणि अनिकेतच्या बाबतीत ‘मिलन हवं की वियोग?’ या प्रश्नात मला फारसं तथ्य दिसत नाही. कथेनं दुसराच प्रश्न उभा केलाय : रेवा पुन्हा कुणासाठी स्वतःचं अर्धं सोडून देईल का? शेवटानं याचं उत्तर दिलं, की प्रेक्षक दोन्ही निकाल स्वीकारतो. नोकरी सोडून ती धावत परत आली, तर मिठी कितीही सुंदर असो, सगळा चित्रपट खोटा ठरतो. ती कडवट होऊन कायमची तुटली, तरी तेवढाच खोटा, कारण या दोघांनी एकमेकांशी कधीच खोटेपणा केलेला नाही.

सध्याच्या खर्ड्यात रेवा दोन वर्षं पूर्ण करते. शनिवार-रविवारचा प्रवास थांबल्यापासून दोघं एकत्र नाहीत, आणि हे दोघांनी मिळून ठरवलेलं आहे. भावाच्या निमित्तानं ती शहरात येते, त्याच इमारतीत दोघं भेटतात. तिच्यापुढे आता दोन जागा आहेत, एक तिकडची आणि एक इकडची. अनिकेत या वेळी ‘थांबशील?’ विचारत नाही. ‘तुला काय करायचंय?’ एवढंच विचारतो, आणि रेवा सांगायला लागते. ती कुठली जागा घेते, हे तिच्या सांगण्यात स्पष्ट ऐकू यायला हवं, असा माझा आग्रह आहे. ती इकडची घेते, स्वतःची कार्यशाळा सुरू करण्याच्या तयारीनं, स्वतंत्र घर घेऊन. अनिकेतकडे परत येण्याबद्दल ती तिथे काही बोलत नाही. ‘शेवट मोकळा ठेवा’ हा सल्ला हल्ली फार सहज दिला जातो. पण जिच्या निर्णयासाठी प्रेक्षक दोन तास बसला, तो निर्णय त्याच्यापासून दडवणं ही त्याची फसवणूक आहे. प्रेमाचं पुढे काय होणार, तेवढं मोकळं ठेवलं तर चालेल.

दोन कामं अजून बाकी आहेत. भावाचं पात्र अजूनही केवळ रेवाच्या त्यागाचा पुरावा म्हणून वावरतं. त्याला स्वतःचं म्हणणं द्यायला हवं, बहिणीच्या उपकाराखाली वाढल्याचा थोडा रागही द्यायला हवा, म्हणजे रेवाच्या जुन्या निर्णयाकडेही दुसऱ्या बाजूनं बघता येईल. आणि जुईच्या नाटकाच्या प्रसंगात कॅमेरा सध्या रेवाबरोबर बाहेर पडतो. तो सभागृहात, जुईबरोबर थांबला तर प्रसंग कसा उभा राहतो, ते पुढच्या खर्ड्यात लिहून पाहायचं आहे.